सेनापती, शील आणि प्रमाद



धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी चहाच्या टपरीवर, कधी एस.टी.च्या थांब्यावर, कधी लग्नाच्या मांडवातही. प्रश्न असा की, "तुमचा बुद्ध अहिंसा शिकवतो म्हणता, आणि जपान तर बौद्धांचा देश. मग जपानने एवढी युद्धे कशी केली?" विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असते. आपण निरुत्तर झालेले त्याला पाहायचे असते. मग आपल्यापैकी कोणी म्हणतो, "ते खरे बौद्ध नव्हतेच." कोणी म्हणतो, "ते महायानी, आमचा मार्ग निराळा." ही दोन्ही उत्तरे म्हणजे पळवाटा आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला डोळे मिटून मानण्याचा धर्म दिलेला नाही. पटले तर घ्या, तपासून घ्या, असे सांगणारा धम्म दिला आहे. म्हणून हा प्रश्न टाळू नये, अंगावर घ्यावा. त्यासाठी एका जपानी सेनापतीचे चरित्र आपण पाहू.

एका सेनापतीचे आयुष्य

त्याचे नाव इवाने मात्सुई. जन्म २७ जुलै १८७८, नागोया शहरात, एका गरीब सामुराई घराण्यात. सामुराई म्हणजे शस्त्र बाळगणारा जन्मजात लढवय्या वर्ग. त्याच्या जन्माच्या आधीच या वर्गाचे विशेष हक्क गेले होते, पण मान-मरातबाची कल्पना तशीच होती. मात्सुई लहानपणीच सैनिकी शाळेत गेला, १८९७ साली लष्करी अकादमीतून बाहेर पडला, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात लढला. पुढे चीनमध्ये त्याच्या अनेक नेमणुका झाल्या. चिनी संस्कृतीची त्याला आवड होती. चीनच्या क्रांतीचे नेते डॉ. सन यत-सेन यांच्याविषयी आदर होता. आशियातील देशांनी एक व्हावे आणि गोऱ्यांचे वर्चस्व झुगारावे, असे तो मनापासून मानत असे. १९३३ मध्ये 'बृहत् आशिया संघ' स्थापन करणाऱ्या पुढाऱ्यांत तो होता. त्याच वर्षी तो पूर्ण जनरल झाला आणि १९३५ मध्ये निवृत्त झाला.

इथेच हे चरित्र संपले असते, तर आशियाचा एक मित्र म्हणून त्याचे नाव राहिले असते. पण १९३७ मध्ये चीनशी युद्ध भडकले. शांघायवर धाडलेल्या फौजेचा प्रमुख म्हणून त्याला परत बोलावले गेले. शांघायची लढाई तीन महिने चालली. तिथे थांबावे की चीनची तेव्हाची राजधानी नानकिंग घ्यावी, हा प्रश्न निघाला, तेव्हा नानकिंग घेतलेच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांत मात्सुई पुढे होता. फौज इतक्या घाईने पुढे गेली की तिचा शिधा मागे राहिला. सैनिक वाटेतली गावे लुटून खात पुढे सरकले. १३ डिसेंबर १९३७ रोजी नानकिंग पडले.

पुढच्या सहा आठवड्यांत त्या शहरात जे झाले, ते लिहिताना हात थबकतो. शरण आलेले सैनिक बांधून मारले गेले, साधे नागरिक मारले गेले, बायका-मुलींवर अत्याचार झाले, घरे-दुकाने जाळली गेली. युद्धानंतर टोकियोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक धरला. चीन तीन लाख सांगतो. इतिहासकार आकड्यावर वाद घालतात, पण घटना घडलीच, याबद्दल प्रामाणिक माणसाला शंका उरत नाही.

मात्सुई १७ डिसेंबरला घोड्यावर बसून वाजतगाजत शहरात शिरला. दुसऱ्या दिवशी मृत सैनिकांसाठी प्रार्थनासभा झाली. त्यानंतर त्याने अधिकाऱ्यांना एकत्र करून संतापाने झापले. सैनिकांच्या वागण्याने सैन्याची अब्रू गेली, असे त्याचे म्हणणे होते. यावर अधिकारी हसले, असे पुढे त्यानेच सांगितले. काही दिवसांनी तो शांघायला परतला आणि नानकिंगमधली कत्तल चालूच राहिली. फेब्रुवारी १९३८ मध्ये त्याला मायदेशी बोलावून घेण्यात आले.

अवलोकितेश्वराची मूर्ती

आता या चरित्राचा तो भाग येतो, जो आपल्याला बौद्ध म्हणून अस्वस्थ करतो. १९४० मध्ये मात्सुईने आतामी या समुद्रकाठच्या गावी डोंगरावर कान्नोनची मूर्ती उभारली. तिच्यासाठी चीनच्या रणभूमीवरची माती आणून मिसळली होती. मूर्ती चीनच्या दिशेला तोंड करून उभी केली. जपानी आणि चिनी, दोन्हीकडच्या मृतांसाठी ती आहे, असे त्याने जाहीर केले. जवळच घर बांधून तो राहिला आणि रोज सूत्रपठण करू लागला.

कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. जगाच्या दुःखाकडे करुणेने पाहणारा बोधिसत्त्व. आमच्या धाडहून अजिंठा फार लांब नाही. ज्यांनी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातले पद्मपाणीचे चित्र पाहिले आहे, हातात कमळ घेऊन खाली झुकलेली ती नजर पाहिली आहे, त्यांना कान्नोन कोण हे सांगायला नको. आपल्याच भूमीत घडलेली करुणेची ती कल्पना चीनमार्गे जपानात गेली, आणि ज्याच्या फौजेने चीनमध्ये एवढा संहार केला त्या सेनापतीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

मग हा माणूस ढोंगी होता काय? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस एकदा मूर्ती उभारतो, फोटो काढून घेतो आणि विसरतो. हा वर्षानुवर्षे रोज वंदना करीत होता. त्याला दुःख झाले होते, हे खरे. म्हणूनच प्रश्न कठीण आहे. दुःख होणे आणि करुणा असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

न्यायाधिकरणाने काय म्हटले

टोकियोचा खटला ३ मे १९४६ ला सुरू झाला. निकाल नोव्हेंबर १९४८ मध्ये लागला. मात्सुईवर आक्रमणाच्या कटाचेही आरोप होते. त्यातून तो सुटला. तो दोषी ठरला तो फक्त एका कलमाखाली. आपल्या हाताखालच्या सैनिकांना आवरण्याचे कर्तव्य त्याने पार पाडले नाही, याबद्दल. त्याने शिस्तीचे हुकूम काढले होते, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण हुकूम काढून तो स्वस्थ बसला. त्याला सत्ता होती, काय चालले आहे याची माहिती होती, आणि तो आजारी होता तरी लढाई चालवण्याइतका धडधाकट होता, असे त्यांनी म्हटले. त्याला फाशीची शिक्षा झाली. २३ डिसेंबर १९४८ रोजी सुगामो तुरुंगात तोजो आणि इतर पाच जणांबरोबर त्याला फाशी देण्यात आले.

त्या न्यायाधिकरणात अकरा न्यायाधीश होते. त्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते. त्यांनी वेगळा निकाल लिहून सर्वच आरोपींना निर्दोष ठरवले. जेत्यांनी पराभूतांचा न्याय करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे नाव जपानात आजही आदराने घेतले जाते. परंतु पुष्कळांना हे माहीत नसते की नानकिंगमध्ये अत्याचार झाल्याचा पुरावा प्रचंड आहे, हे पालांनीही मान्य केले होते. मतभेद होता तो शिक्षेबद्दल आणि कायद्याबद्दल.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नानकिंगवर चालून गेलेल्या एका फौजेचे नेतृत्व डिसेंबरपासून राजघराण्यातले राजपुत्र आसाका यांच्याकडे होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. उच्च कुळाला न्यायाची झळ कशी लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

चेतना आणि प्रमाद

कायद्याचा निवाडा झाला. आता धम्माचा निवाडा काय?

कोणी म्हणेल, तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. मात्सुईने कोणाला मारा म्हणून सांगितले नव्हते. उलट त्याला राग आला. मग त्याच्या माथी दोष कसा? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण चेतना म्हणजे केवळ "करीन" असे म्हणणे नव्हे. "दिसते आहे, थांबवता येते आहे, तरी थांबवणार नाही" हीसुद्धा मनाची एक निवड आहे. जो सेनापती महानगर घेण्यासाठी वरिष्ठांशी भांडू शकतो, तो त्या महानगरातल्या बायका-पोरांसाठी आपल्याच अधिकाऱ्यांशी का भांडू शकला नाही? रागावून तो शांघायला निघून गेला. त्याचा राग सैन्याच्या अब्रूसाठी होता. मरणाऱ्या माणसासाठी तो राग असता, तर तो तिथून हललाच नसता.

महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा. जागे राहा, हयगय करू नका. आयुष्यभर एवढे सांगून झाल्यावर शेवटी हेच का सांगावेसे वाटले असेल? कारण दुष्ट बुद्धीने पाप करणारी माणसे जगात थोडी असतात. प्रमादाने पाप होऊ देणारी माणसे फार असतात, आणि तीच स्वतःला सज्जन समजतात. मात्सुईच्या आयुष्याचे नाव प्रमाद असे आहे.

मोठ्या भावाचे प्रेम

पण प्रमाद आला कुठून? मात्सुईच्या मनात चीनविषयी प्रेम होते, हे वर सांगितले. ते कसले प्रेम होते ते त्याच्याच म्हणण्यावरून कळते. हे युद्ध म्हणजे आशियाच्या कुटुंबातले भावाभावांचे भांडण, आणि वांड धाकट्या भावाला मोठ्या भावाने दिलेली शिक्षा, अशा अर्थाचे त्याने न्यायाधिकरणापुढे सांगितले.

बंधूंनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गाव म्हणजे एक कुटुंब, असे आपल्यालाही सांगितले जात होते. कुटुंब एक, पण विहीर वेगळी. कुटुंब एक, पण घरे गावकुसाबाहेर. आणि धाकट्याने मान वर केली की मोठ्या भावाने काठी उचलायची, तीही त्याच्या भल्यासाठी! ज्या प्रेमात समता नाही, ते प्रेम धन्याचे असते. त्या प्रेमाला समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा केवळ आज्ञाभंग दिसतो. मात्सुईला चीन आवडत होता, चिनी माणूस आपल्या बरोबरीचा वाटत नव्हता. म्हणून त्याची करुणा जिवंत चिनी माणसापर्यंत पोहोचली नाही. ती मेलेल्या चिनी माणसाच्या मातीपर्यंत पोहोचली. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणेच्या जोडीला समता का सांगितली, याचे उत्तर इथे आहे. समतेवाचून करुणा ही मूर्तीच्या पायाशी वाहिलेल्या फुलासारखी असते. ती सुकते.

सिंह सेनापतीला मिळालेले उत्तर

मग धम्म सैनिकाला शस्त्र खाली ठेवायला सांगतो काय? तसे नाही. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांकडे आला, ही कथा आपल्या ग्रंथांत आहे. तो आधी निगंठांचा अनुयायी होता. तथागतांनी त्याला घाईने दीक्षा दिली नाही. तुझ्यासारख्या प्रतिष्ठित माणसाने पुरता विचार करून ठरवावे, असे सांगितले. तो उपासक झाल्यावरही निगंठांना दान देणे बंद करू नकोस, असे बजावले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी वैशालीच्या सेनापतीचा युद्धाविषयीचा प्रश्न मांडला आहे. त्यातील उत्तराचा आशय असा : अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे, न्यायासाठी आणि रक्षणासाठी लढणाऱ्यावर हिंसेचा दोष येत नाही, शांततेचे सर्व उपाय हरल्यावर जो युद्ध सुरू करतो त्याच्यावर जबाबदारी येते, आणि स्वार्थासाठी युद्ध करू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे.

आपल्या घरांतून पलटणीत जाणाऱ्या मुलांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पुढे कामठीला दुसरी. ही दुसरी पलटण जपान्यांविरुद्धच्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती. हुकूमशाहीचा विजय झाला तर जगात स्वातंत्र्य उरणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते, आणि आपल्या तरुणांना भरती व्हा म्हणून सांगितले होते. तेव्हा वर्दी घालणे हे शीलभंग नव्हे. शीलाचा प्रश्न पुढचा आहे. वर्दीतल्या माणसाला समोरच्या निःशस्त्र माणसात माणूस दिसतो की नाही? या कसोटीवर मात्सुईचे युद्ध घासून पाहा. ते दुसऱ्याच्या देशात होते, विजयासाठी होते, आणि त्यात निःशस्त्र माणूस वाचला नाही.

अशोकाने काय केले

इथे सम्राट अशोकाची आठवण होते. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख पकडून नेली गेली, हे आकडे त्याच्या शत्रूने लिहिलेले नाहीत. त्याने स्वतः दगडावर कोरून ठेवले आहेत. मी हे केले आणि मला त्याचा पश्चात्ताप होतो, असे राजाने प्रजेला उघड सांगितले, आणि त्यापुढे राज्याची नीतीच बदलली.

मात्सुईने काय केले? न्यायाधिकरणापुढे त्याने एवढी मोठी कत्तल झाल्याचे मान्य केले नाही. मात्र फाशीच्या आधी तुरुंगातील बौद्ध पुरोहित हानायामा यांच्याजवळ त्याने नानकिंगची घटना लाजिरवाणी होती असे कबूल केले. म्हणजे सत्य त्याला ठाऊक होते. ते त्याने खाजगीत सांगितले, तेही दहा-अकरा वर्षांनी. पश्चात्ताप आणि हळहळ यांत फरक आहे तो हाच. पश्चात्तापाला चव्हाट्यावर यावे लागते आणि त्याला किंमत मोजावी लागते. हळहळीला एक कोपरा पुरतो.

जपानच्या भिक्खूसंघाबद्दलही खरे तेच सांगितले पाहिजे. बहुतेक पंथांनी त्या काळी सरकारच्या युद्धाला साथ दिली. सम्राटाची आज्ञा त्यांनी धम्माच्या वर ठेवली. पण सगळ्यांनी नाही. ताकेनाका शोगेन नावाचा सत्तरीचा एक पुरोहित १९३७ मध्ये युद्ध हा गुन्हा आहे असे उघड बोलला. त्याला शिक्षा झाली आणि त्याच्याच ओतानी पंथाने त्याचा दर्जा उतरवला. त्या पंथाने १९८७ मध्ये आणि सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये युद्धातल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली, आणि २००७ मध्ये ताकेनाकांची प्रतिष्ठा त्यांना परत दिली. तेव्हा टपरीवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे : होय, बौद्ध म्हणवणाऱ्यांनी ते केले. धम्म पाळून नव्हे, धम्म मोडून केले. आणि तसे त्यांनी स्वतः पुढे मान्य केले आहे. आता आपल्या घरचा हिशेब कोण मान्य करणार, हे विचारणाऱ्याने सांगावे.

सोलापूरचा डॉक्टर

त्याच युद्धात दुसऱ्या बाजूला आपला एक मराठी माणूस होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला. जपानने चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून निघाले. बाकीचे परतले तरी कोटणीस तिथेच राहिले. त्यांनी रणभूमीच्या काठावर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकून विद्यार्थी घडवले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आजाराने त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

कोटणीसांनी त्रिशरण घेतले नव्हते. पण माझ्या मते त्या युद्धात अवलोकितेश्वराचे काम कोणी केले असेल, तर ते या सोलापूरच्या तरुणाने केले. एकाने करुणेची मूर्ती घडवली, दुसऱ्याने करुणा हाताने केली. चिनी माणूस एकाला धाकटा भाऊ होता, दुसऱ्याला केवळ माणूस होता.

आपल्या घरी

आपण नवदीक्षित कुटुंबे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत, पौर्णिमेला विहारात वंदना होते, पंचशील लहान मुलांनाही पाठ आहे. हे सर्व चांगलेच आहे. पण मात्सुईलाही सूत्रे पाठ होती, हे विसरू नये.

आपल्यापैकी कोणी सेनापती होणार नाही. पण प्रत्येकाच्या हाताखाली थोडे का होईना राज्य असते. मुख्याध्यापकाच्या हाताखाली शाळा असते. पोषण आहाराच्या पंगतीत एखाद्या पोराला बाजूला बसवलेले त्याला दिसते आणि तो रजिस्टरात मान घालतो. सरपंचाच्या हाताखाली गाव असते. आपल्यापेक्षाही मागे राहिलेल्या वस्तीला पाणी मिळत नाही, हे त्याला माहीत असते. सासऱ्याच्या हाताखाली घर असते. सुनेला माहेरच्या पैशासाठी बोलणी बसतात आणि तो ओसरीवर बसून ऐकतो. यांपैकी कोणी हात उगारलेला नाही. सगळ्यांना मनातून वाईट वाटते. आणि नानकिंगच्या सेनापतीलाही वाईटच वाटले होते.

म्हणून पंचशील ग्रहण करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. मी प्राणिहिंसा करीत नाही, एवढे पुरे आहे काय? जी हिंसा माझ्यासमोर होते आणि जी मी थांबवू शकतो, तिचे काय? हा प्रश्न रोज विचारला, तर शील पाठांतरातून वागण्यात उतरेल. आणि हा प्रश्न विचारणे सोडले, तर आपल्या दारातही कधी एखादी सुंदर मूर्ती उभी राहील, आणि तिच्या मातीत कोणाचे रक्त आहे हे मुलांना सांगण्याची आपली छाती होणार नाही.

अप्रमादाने वागण्याचे बळ आपणा सर्वांना लाभो.

जय भीम! नमो बुद्धाय!